पुलावर पाळी कोणाची होती

एकनाथराव मालगाडीचे गार्ड होते. उभी नोकरी त्यांनी गाडीच्या शेवटच्या डब्यात काढली. इंजिनात बसणाऱ्याला गाव येताना दिसतं, गार्डाला ते जाताना दिसतं. विकाराबादचं जंगल, तांडूरच्या फरशीच्या खाणी, वाडीचं धुळीनं पांढरं झालेलं आभाळ, तळ्यात बसलेल्या म्हशी, हात हलवणारी पोरं, सगळं त्यांच्यापासून हळूहळू लांब जात बारीक होत गेलं. अशा माणसाला म्हातारपणी पूर्वजांचा नाद लागला तर त्यात नवल काय? मागे बघण्याचीच त्यांना सवय होती.

ते आमच्या कवठाळचे. सोलापूर रस्त्याला एक फाटा आहे, फाट्यावर ओढा, ओढ्यावर दगडी पूल, आणि पुलापलीकडे गाव. आता एकनाथराव हैदराबादला तारनाक्यावर राहतात. गॅलरीत गार्डाची शिट्टी आणि हिरवा-लाल झेंडा खिळ्याला टांगलेला असतो. दारात दूधवाला उशिरा आला की ते शिट्टी फुंकतात. आणि आल्यागेल्याला, दूधवाला असो की पोस्टमन, दोन भावांची गोष्ट सांगतात.

गोष्ट अशी. एकनाथरावांचे आजोबा किशनराव आणि त्यांचे धाकटे भाऊ गुंडेराव, दोघे शिपाई. एका घनघोर लढाईत किशनराव जखमी होऊन पडले. पडता पडता त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून भावाला दिला आणि म्हणाले, "आता तू उभा राहा." गुंडेराव तो फेटा बांधून उभे राहिले. म्हणून त्यांच्या घराण्यात आजही लग्नाला फेटापालट करतात. मंगलाष्टकांच्या आधी नवरदेव आपल्या डोक्यावरचा फेटा काढून धाकट्या भावाला देतो आणि म्हणतो, "आता तू उभा राहा." धाकटा तो घालून मांडवाच्या दारात जाऊन उभा राहतो. घरातली एखादी बाई त्याला तिथं पुरणपोळीचा घास भरवते. मगच तो आत येतो आणि फेटा परत करतो. तोवर मंगलाष्टकं नाहीत.

पुरणपोळी कशाला, हे एकनाथरावांना एकदा पोस्टमननं विचारलं होतं. "वीरांना भूक लागते," एकनाथराव म्हणाले.

आता त्यांच्या नातवाचं, कुलदीपचं, लग्न ठरलं. मुलगी सायली. तिचे आईवडील पुण्याचे, नोकरीनिमित्त गच्चीबावलीला उंच इमारतीत आलेले. वडील श्रीकांत कॉम्प्युटरचं काम करतात आणि रविवारी किल्ले चढतात. आई वंदना बँकेत आहे, आणि तिला एखादी गोष्ट पटली नाही तर ती नुसती चष्मा पुसते. बोलणीच्या दिवशी एकनाथरावांनी फेटापालटाची गोष्ट सांगितली, तेव्हा वंदनाबाईंनी चष्मा काढला.

"नवरदेवाच्या डोक्यावरचा फेटा ऐन मुहूर्तावर दुसऱ्याच्या डोक्यावर?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडे हे कोणी ऐकलेलंही नाही."

"परेशान होऊ नका विहीणबाई. वीरांचा रिवाज आहे."

"कोणती लढाई ही, व्याहीबुवा?" श्रीकांतनं उत्साहानं विचारलं. किल्ले चढणाऱ्या माणसाला लढाईचं नाव लागतंच.

एकनाथरावांना आजवर हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. "ती... पोलीस अ‍ॅक्शनची," ते म्हणाले.

"म्हणजे अठ्ठेचाळीस सालची? भारताची फौज हैदराबाद संस्थानात शिरली तेव्हाची?"

"हौ."

"मग तुमचे आजोबा कोणाच्या बाजूनं होते?"

गॅलरीतला झेंडा वाऱ्यानं हलला. एकनाथरावांनी घरातल्या सगळ्यांकडे एकदा बघितलं. "निजामाचे शिपाई होते," ते हळूच म्हणाले. "आमच्याकडे तेव्हा नोकरी म्हणजे तीच होती."

वंदनाबाई चष्मा पुसत होत्या. बराच वेळ पुसला. मग म्हणाल्या, "माझे आजोबा त्याच फौजेत होते, सोलापूरकडून आत आले. ट्रक चालवायचे. तुमच्या आजोबांनी माझ्या आजोबांवर गोळ्या झाडल्या असतील, आणि त्याची आठवण म्हणून माझ्या मुलीच्या लग्नात फेटा फिरवायचा?"

"झाडल्या असतील असं नाही..."

"मग काय असेल ते शोधून काढा. गोळी झाडली असेल तर फेटापालट नाही. झाडली नसेल तर आनंदानं करा."

पाहुणे गेल्यावर एकनाथरावांची बायको चारुलता कपबशा उचलत म्हणाली, "आजवर सगळ्यांना घनघोर लढाई सांगत होतात ना? आता घ्या."

एकनाथरावांनी गॅलरीतला झेंडा खिळ्यावर नीट केला. त्यांच्या बापाचा फेटापालट झाला होता, त्यांचा झाला होता, मुलाचा, हेमंतचा झाला होता. नातवाच्या लग्नात तो चुकला, तर त्यांच्या डोळ्यांदेखत शेवटचा डबा सुटल्यासारखं होणार होतं.

शोधायचं कुठे? त्या लढाईतली एकच वस्तू उरली होती, किशनरावांचा खाकी कोट. आणि तो विद्यानगरला सुधीरच्या घरी काचेच्या कपाटात होता.

सुधीर म्हणजे गुंडेरावांचा नातू, एकनाथरावांचा चुलतभाऊ. तारनाका ते विद्यानगर म्हणजे रिक्षात बसून पान तोंडात घालावं आणि ते चावून होण्याआधी उतरावं, एवढंच अंतर. पण दोघांचं जाणंयेणं नव्हतं. कारण तो कोटच. सुधीरचं म्हणणं, शिपाई एकटे गुंडेराव होते, किशनराव शेतकरी. एकनाथरावांचं म्हणणं, खरे शिपाई किशनराव, गुंडेरावांनी फक्त शेवटी फेटा घातला. दोघांनाही लहानपणी आपापला आजोबा तो कोट घातलेला पाहिल्याचं स्पष्ट आठवत होतं. दोघेही देवाची शपथ घ्यायला तयार होते आणि दोघांचाही देव एकच, खंडोबा. त्यामुळे प्रकरण तिथंच अडकलं होतं.

चारुलतेनं नवऱ्याला रिक्षात घातलं आणि स्वतः शेजारी बसली.

"या दादा," सुधीर दारात म्हणाला. "आज सूर्य कुठून उगवला?"

"सुध्या, कोट काढ."

"का? द्यायचा नाही मी."

"मागत कोण आहे? बघायचाय फक्त."

कोट बाहेर निघाला. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर झाला. खाकी रंग आता वाळलेल्या गवतासारखा झाला होता. एकनाथरावांनी तो अंगावर धरला. "बघ! केवढा रुंद आहे. तुझा आजोबा काडीपैलवान होता. किशनराव माझ्यासारखे, भरलेले. कोट कोणाचा, तूच सांग."

"घालून दाखवा मग."

एकनाथरावांनी कोट घातला. खांद्यात बसला, पण बटणं पोटापर्यंत पोहोचेनात. त्यांनी श्वास ओढला, पोट ओढलं, चेहरा लाल झाला.

"हां!" सुधीर टाळी वाजवून म्हणाला. "काढा आता. मी घालतो." सुधीर काठीसारखा बारीक. कोट त्याला असा बसला, जणू शिंप्यानं त्याच्यासाठीच मापं घेतली होती. तो आरशासमोर सलाम ठोकून उभा राहिला.

चारुलता मागून बघत होती. "भाऊजी, जरा वळा," ती म्हणाली. तिनं कोटाची मागची शिवण चाचपली, आत बोट घातलं आणि काहीतरी ओढलं. कोट एकदम ढिला झाला, सुधीरच्या अंगावर पोत्यासारखा लोंबायला लागला.

"अगं बाई," चारुलता म्हणाली, "याला नाडी आहे!"

खरंच होती. कोटाच्या कमरेत आतून, परकराला असते तशी, जाड सुती नाडी ओवलेली. ओढली की कोट सुधीरला बसायचा, सोडली की एकनाथरावांना. दोघा म्हाताऱ्यांनी आळीपाळीनं घालून बघितला. नाडी ओढ, नाडी सोड. शेवटी चारुलता कंटाळली. "परीक्षा झाली असेल तर ऐका. हा एका माणसाचा कोट नाही. हा दोघांचा आहे."

"एका कोटात दोन शिपाई कसे लढतील?" सुधीर म्हणाला.

याचं उत्तर देऊ शकेल असं एकच माणूस जिवंत होतं. किशनरावांची मुलगी, एकनाथरावांची आत्या, तारामती. त्या सालात ती परकर नेसून हिंडणारी पोर होती. आता नामपल्लीला मुलाच्या घरी राहते. पाठ वाकली आहे, पण आवाज ताठ आहे.

तिघं गेले तर आत्या चप्पल घालून दारातच बसली होती.

"कोटाचं सांगते," ती म्हणाली, "पण घरात नाही. सून म्हणते बाहेर धूळ आहे, गर्दी आहे, जाऊ नका. आधी मला नुमाइशला न्या."

नामपल्लीच्या मैदानात दर हिवाळ्यात भरणारं ते प्रदर्शन. काश्मिरी शाली, लखनौचे कुर्ते, भांडी, लोणची, मिर्ची भजी आणि मैदानाभोवती फिरणारी छोटी रेल्वे. आत्याला तीच रेल्वे पाहिजे होती. एकनाथराव, सुधीर, चारुलता आणि आत्या, चौघं गुडघे हनुवटीला लावून पोरांच्या गाडीत बसले. सवयीनं एकनाथराव शेवटच्या डब्यात, मागे तोंड करून बसायला निघाले होते.

"एक्या, सरळ बस," आत्या म्हणाली. "आता ऐका. आमच्या आज्याची निजामाकडं शिपायाची जागा होती. आज्या गेला की ती जागा पोराकडं यायची, तसा रिवाज होता. पण पोरं दोन, जागा एक. शेताची वाटणी झाली, बैलांची झाली, विहिरीचं पाणी आळीपाळीनं झालं. मग गुंडूकाका म्हनला, नोकरीचीबी वाटणी करा."

"नोकरीची?" सुधीरनं विचारलं.

"हौ. विहिरीच्या पाण्यासारखी पाळी लावली. एक महिना माझा बाप पुलावर पहाऱ्याला, काका शेतात. दुसऱ्या महिन्यात काका पुलावर, बाप शेतात. कोट एक, फेटा एक. नाडी माझ्या आईनं ओवली. पाळी बदलली की पुलावर फेटा द्यायचा आणि म्हनायचं, आता तू उभा राहा. संपलं."

गाडी भज्यांच्या दुकानांवरून गेली. तेलाचा वास आला आणि गेला.

"कोणाच्या लक्षात आलं नाही?" चारुलतेनं विचारलं.

"जमादार होता न. कधीमधी घोड्यावर यायचा. त्याला एक महिना शिपाई गलेलठ्ठ दिसायचा, दुसऱ्या महिन्यात काडी. त्याला वाटलं, बिचाऱ्याला पोटाचा आजार आहे. दर येण्याला हकीमाची पुडी आणायचा. काकाला घ्यावी लागायची, कारण वाळलेला तोच दिसायचा."

सुधीर जरा ताठ बसला. आपल्या आजोबांनी काहीतरी सोसलं, हे ऐकून त्याला बरं वाटलं.

"मग लढाई?" एकनाथरावांनी विचारलं. "आत्या, त्यांनी गोळी झाडली का?"

"सांगते की. आदल्या साली अधिक श्रावण आला. पाळी माझ्या बापाची होती. बाप अधिक महिनाभर उभा राहिला, मग म्हनला, आता निज श्रावण गुंडूचा. काका म्हनला, अधिक महिना हिशेबात धरत न्हाईत, श्रावण तुझा म्हंजे दोन्ही श्रावण तुझे. बाप दोन्ही उभा राहिला, पण मनात धरून बसला. दर पाडव्याला पाळी उलटी व्हायची, सण एकाच्याच वाट्याला नको म्हनून, तशी पुढच्या साली भादव्यात पाळी बापाची आली. बाप म्हनला, माझा अधिकचा महिना फिटला न्हाई, हा भादवा तुझा. काका म्हनला, मी श्रावण उभा राहून आलो, आता हात बी लावणार न्हाई. दोघं घरात. वरून महालक्ष्म्या आल्या. सणाला कोण पुलावर जातं? महालक्ष्म्या जेवल्या, महालक्ष्म्या उठून गेल्या, तरी दोघं ओसरीवर बसून तू जा, तू जा. घरात पोळ्या उरल्या होत्या. दुधात कालवून खात होते."

गाडी थांबली. शिट्टी झाली. आत्या उतरेना. सुधीरनं घाईनं पुन्हा तिकिटं काढली.

"आणि त्याच सकाळी," आत्या पुढे म्हणाली, "पुलावरून मोटारी आल्या. लांबच लांब. पुलावर कोणी न्हाई. गावात आल्या, आमच्या ओसरीसमोर थांबल्या. एक मिशीवाला उतरला आणि विचारलं, हैदराबादचा रस्ता कोणता? माझ्या बापाच्या तोंडात पोळी. त्यानं बोटानं दाखवला. काकानं दुसऱ्या बोटानं दुसरा दाखवला. दोघांचं तिथंबी भांडण! शेवटी आमची आजी बाहेर आली, तिनं नीट रस्ता सांगितला आणि उरलेल्या पोळ्या त्या लोकांना देऊन टाकल्या."

एकनाथरावांनी डोळे मिटले. गाडी आता शालींच्या दुकानांवरून जात होती, रंगीत शाली वाऱ्यानं उडत होत्या, आणि ते बऱ्याच वेळानं हसले. "म्हणजे गोळी नाहीच."

"गोळी कुठली? बंदूक पुलावरच राहिली होती. मेंढक्याच्या पोरांनी नेली."

"मग फेटापालट?"

"ती आजीनं लावलेली शिक्षा आहे रे. पोरांनो, म्हनली, तुमच्या भांडणात जागा रिकामी पडली. आता या घरात लग्न असलं की भावानं भावाची पाळी सगळ्यांदेखत घ्यायची, दारावर उभं राहायचं, आणि उभं राहिल्यावरच पोळी खायची. आधी न्हाई. पुढं ते दिवस वाईट आले, निजामाचं नाव काढायची भीती, कोट ट्रंकेत गेला. गोष्ट बंद झाली. मग तुम्ही पोरं मोठी झालात, तुम्हाला लढाई पाहिजे होती, तुम्ही केली."

"तू का नाही सांगितलंस?"

"तू मला लढाई सांगायचास, एक्या. इतकी छान सांगायचास. मीच रडायची ऐकून."

परतताना रिक्षात सुधीर म्हणाला, "दादा, एवढं सगळं सांगायची गरज काय? म्हणा, हवेत गोळी झाडली."

एकनाथरावांना मोह झाला. गार्डानं आयुष्यभर खोटा झेंडा दाखवलेला नसतो. पण घनघोर लढाई गेली, आणि हातात राहिली परकराची नाडी! कवठाळचं नाव ते आजवर छाती काढून घेत आले होते. चारुलतेनं त्यांच्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुम्ही नाडी दाखवाच. मला विहीणबाईंचा चष्मा बघायचाय."

रविवारी तिघं गच्चीबावलीला गेले. एकनाथरावांनी सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. पुडीचंही सांगितलं. शेवटी कोट पुढे केला. वंदनाबाईंनी आत बोट घातलं, नाडी ओढली, सोडली, परत ओढली. मग त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. डोळे पुसले. हसून हसून त्यांना बोलता येईना.

"म्हणजे माझे आजोबा जर त्या वाटेनं आले असतील..."

"तर बाई, पूल मोकळा होता," एकनाथराव म्हणाले. "आणि पोळी मिळाली असेल."

"फेटापालट करायचा," वंदनाबाई म्हणाल्या. "नक्की करायचा. पण मला सांगा, भादव्यात पाळी खरी कोणाची होती?"

"गुंडेरावांची," एकनाथराव म्हणाले.

"किशनरावांची," सुधीर म्हणाला. "अधिक महिना धरत नाहीत."

"अरे उभा राहिला ना माणूस! मग धरायचा नाही?"

"माझ्या मते धरायला हवा," श्रीकांत म्हणाला.

"तुम्ही मध्ये पडू नका," वंदनाबाई म्हणाल्या. "धरत नाहीत." आणि चहा थंड होईपर्यंत चौघं भांडले.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं, नामपल्लीच्याच एका फंक्शन हॉलमध्ये. तिथं हॉल एकाला एक लागून असतात, एका भिंतीपलीकडे दुसऱ्याचं लग्न. कुलदीपनं फेटा काढून धाकट्या भावाला, हर्षवर्धनला दिला. हर्षवर्धनला मराठी वाचता येत नाही, म्हणून ओळ त्याच्याकडून पाठ करून घेतली होती, पण ती ओळ त्याची नव्हतीच, कुलदीपची होती. दोघेही एकदम म्हणाले, "आता तू उभा राहा." मग दोघेही थांबले. शेवटी आत्यानं हर्षवर्धनला दाराकडे ढकललं.

हर्षवर्धन दारात उभा राहिला. पुरणपोळी येईना. स्वयंपाकवाल्यानं पुरणाचं लिहून घेतलं होतं आणि केला होता डबल का मीठा, पावाचा हैदराबादी गोड पदार्थ. भटजी मुहूर्त सांगत होते, बोडका नवरदेव घड्याळ बघत होता, आणि हर्षवर्धन दारातून ओरडत होता, "पोळीशिवाय मी हलणार नाही! रूल आहे!" तेव्हा वंदनाबाई उठल्या. पैठणी सावरत स्वयंपाकघरात गेल्या, वाटीत डबल का मीठा घेतला आणि दारात जाऊन त्याला चमच्यानं भरवला. फेटा आत आला. सगळे खूश.

दार मात्र रिकामं झालं.

त्या वेळी एकनाथराव आणि सुधीर मांडवाच्या कडेला उभे होते. कोट अर्धं लग्न एकानं आणि अर्धं दुसऱ्यानं घालायचा ठरला होता, आणि मंगलाष्टकं नेमकी कोणत्या अर्ध्यात, यावर त्यांचं जुंपलं होतं. एकाचा उजवा हात एका बाहीत, दुसऱ्याचा डावा दुसऱ्या बाहीत. नाडी पूर्ण सुटलेली.

आणि दारातून मरफ्याचे ढोल वाजले.

शेजारच्या हॉलची बारात, घोडा बाहेर सोडून, नवरदेव, वऱ्हाड, ढोल, फटाक्यांच्या धुरासकट सरळ आत आली. त्यांना कोणी अडवलं नाही. पुढचे नाचत होते, मागच्यांना वाटलं पुढच्यांना हॉल माहीत आहे. ते थेट स्टेजपर्यंत पोहोचले. त्यांचा नवरदेव वर चढला, सायलीकडे बघितलं आणि घाबरून सेहरा पुन्हा तोंडावर ओढला.

वंदनाबाई हातातल्या रिकाम्या वाटीसकट वळल्या. त्यांनी रिकामं दार बघितलं. मग एका कोटात अडकलेले दोन म्हातारे बघितले.

"आता कळलं," त्या म्हणाल्या, "पूल कसा गेला."

एकनाथरावांनी मोकळ्या हातानं खिशातली शिट्टी काढली आणि फुंकली. मरफा थांबला. सगळा हॉल त्यांच्याकडे बघू लागला. त्यांनी छाती काढली, सुधीरचीही आपोआप निघाली, आणि एकनाथरावांनी दरडावून विचारलं, "कोणता हॉल पाहिजे?"

"शेजारचा," वऱ्हाडातला एक म्हणाला. एकनाथरावांनी डावीकडे बोट दाखवलं. सुधीरनं उजवीकडे.

"अरे जाऊ द्या," आत्या खुर्चीतून ओरडली. "आलेत तर बसू द्या. मीठा खूप झालाय."